जॅकपॉटमधला देवाचा वाटा

समजा, उद्या तुम्हाला पाच कोटींची लॉटरी लागली. काय कराल?

हा प्रश्न एकदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टाकून बघा. चहा गार होईल, पण चर्चा संपणार नाही. होम लोन फेडणं पहिल्या नंबरवर. बॉसच्या टेबलावर राजीनामा ठेवणं दुसऱ्या. मग युरोप टूर, मग आईबाबांसाठी गावी घर. आणि यादी संपता संपता, आवाज जरा खाली आणून, प्रत्येक जण एक वाक्य हमखास टाकतो : ‘थोडं दान पण करीन यार.’ कोणी देवळाला देणार, कोणी अनाथाश्रमाला, कोणी गावच्या शाळेला. एवढं बोललं की आपलं आपल्यालाच बरं वाटतं. देवाबरोबर जणू पार्टनरशिपच झाली. तू तिकीट लाव, दहा टक्के तुझे.

पण समोरच्याने ते दहा टक्के घ्यायलाच नकार दिला तर?

हसू नका, असं घडलंय. २००२-०३च्या हिवाळ्यात अमेरिकेत फ्लोरिडामधल्या नेपल्स शहरात लॉटरी जिंकलेल्या एका माणसाने साल्व्हेशन आर्मीला एक लाख डॉलर देऊ केले. साल्व्हेशन आर्मी म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात ती ख्रिस्ती संस्था. मुंबईत ती १८८२ पासून आहे. तर तिथल्या मेजरसाहेबांनी (यांच्यात पाद्र्यांनाही लष्करी हुद्दे असतात) ते पैसे सरळ परत केले. कारण अगदी साधं होतं. जुगारात घरदार घालवलेली कुटुंबं आमच्या दाराशी येतात, त्यांना आम्ही समजावतो, सावरतो. मग जुगाराचेच पैसे कुठल्या तोंडाने घेऊ?

आता याच हिवाळ्यातला दुसरा सीन बघा. २५ डिसेंबर २००२, म्हणजे चक्क नाताळचा दिवस. वेस्ट व्हर्जिनियातल्या जॅक व्हिटेकर नावाच्या कंत्राटदाराला ३१ कोटी ४९ लाख डॉलरचा पॉवरबॉल जॅकपॉट लागला. एका तिकिटावर लागलेलं ते तोवरचं सगळ्यात मोठं बक्षीस. टॅक्स कापून एकरकमी हातात आले साधारण ११ कोटी ३० लाख डॉलर. व्हिटेकरने लगेच जाहीर केलं, दहावा हिस्सा चर्चला. त्याच्या ओळखीच्या पाद्र्यांनी काही पैसे परत केले नाहीत. त्या पैशांतून चर्चची बांधकामं झाली. पुढे व्हिटेकरच्या गाडीतून लाखो डॉलर चोरीला गेले, कोर्टकज्जे मागे लागले, २००४ मध्ये लाडकी नात गेली. ते तिकीट फाडून टाकायला हवं होतं, असं तो नंतर म्हणायचा. २०२० मध्ये तो वारला.

आता ‘बघा, देवाने शिक्षा केली’ असं म्हणायचा मोह होतो. मला तो हिशोब पटत नाही. लॉटरी न लागलेल्यांची नातवंडंही जातात. मला खरा इंटरेस्ट आहे तो या दोन टेबलांमध्ये. देव तोच, पुस्तक तेच. एका टेबलावरून चेक परत जातो, दुसऱ्यावर तो जमा होतो. बरोबर कोण?

हा वाद काही नवा नाही. शंभरएक वर्षांपूर्वी तो नेमक्या याच रकमेवरून झाला होता. १९०५ मध्ये तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरने ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेला एक लाख डॉलर दिले. नाव ओळखीचं वाटलं? हेच ते बोर्ड, ज्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, ज्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. त्यांच्यातलेच एक पाद्री, वॉशिंग्टन ग्लॅडन, भडकले. छोट्या धंदेवाल्यांना चिरडून कमावलेला हा डागाळलेला पैसा देवाच्या कामाला नको, असं त्यांचं म्हणणं. बोर्डाने पैसे ठेवून घेतले. वर असंही बाहेर आलं की, हे पैसे रॉकफेलरने आपणहून दिले नव्हते, बोर्डानेच मागितले होते!

थोडक्यात काय, नको म्हणणारे आणि हो म्हणणारे, दोघेही बायबल हातात धरूनच बोलतात. मग ते पुस्तक म्हणतं तरी काय?

मी ख्रिस्ती नाही. पण मास कॉमच्या दिवसांत माझी रूममेट वसईची होती आणि तिच्या कपाटावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ असायचं. परवा या लेखासाठी ते पुन्हा मागून घेतलं. आधी चक्रावलेच. ‘जुगार खेळू नकोस’ अशी थेट आज्ञा त्यात कुठेच नाही. उलट चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचे प्रसंग आहेत. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायची वेळ आली तेव्हा येशूच्या शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या. पण क्रुसाखाली बसून येशूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकणारे रोमन शिपाईही त्याच पुस्तकात आहेत. वर एक माणूस मरतोय आणि खाली त्याच्या कपड्यांवर डाव लागलाय. जुगाराविरुद्ध बोलणाऱ्या पाद्र्यांच्या प्रवचनात हा प्रसंग हटकून येतो.

आणि डागाळलेल्या पैशांचं म्हणाल तर यहूदाची चांदीची तीस नाणी आहेतच. पस्तावून त्याने ती मंदिरात फेकली. आता या पैशांचं करायचं काय, यावर मुख्य याजकांनी चक्क मीटिंग घेतली. हे रक्ताचं मोल, मंदिराच्या खजिन्यात चालणार नाही, असं ठरलं. मजा बघा, पैसे देणारे तेच, आणि आता सोवळं पाळणारेही तेच. शेवटी त्यातून कुंभाराचं शेत विकत घेतलं, परक्या मुलखातल्या बेवारस माणसांना पुरण्यासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थेट आज्ञा नसल्यामुळे प्रत्येक पंथाने आपापली रेष आखली. इसवी सन ३०५च्या सुमारास स्पेनमधल्या एल्व्हिरा इथल्या धर्मसभेने नियम केला : फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनातून बाहेर काढा, सुधारला तर वर्षाने परत घ्या. एका वर्षाचं सस्पेन्शनच म्हणा ना! पण काळ पुढे गेला आणि चित्र पालटलं. १७८३ मध्ये पोर्तुगालच्या राणीने लिस्बनच्या सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया या ख्रिस्ती सेवासंस्थेला लॉटरी चालवायची परवानगी दिली. हॉस्पिटलं आणि अनाथ मुलांसाठी पैसा हवा होता. ती संस्था आजही पोर्तुगालमध्ये लॉटरी चालवते.

कॅथलिक चर्चचा आजचा फंडा १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात आहे. नशिबाचे खेळ किंवा पैज लावणं हे मुळात अन्याय्य नाही. पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचा पैसा त्यात जायला लागला की ते चूक. आणि त्याचं वेड लागलं तर ती गुलामी. म्हणजे प्रश्न खेळाचा नाही, पाकिटाचा आणि मनाचा आहे.

मेथडिस्ट मंडळी मात्र कडक. त्यांचे आद्य गुरू जॉन वेस्ली यांचं पैशांवरचं प्रवचन १७६० मध्ये छापलं गेलं. त्याचं सूत्र आजच्या कुठल्याही फायनान्स गुरूला हेवा वाटावा असं आहे : होईल तेवढं कमवा, होईल तेवढं वाचवा, होईल तेवढं द्या. आपण सगळे पहिल्या दोन कलमांचे भक्त, तिसऱ्यापाशी नेटवर्क जातं. पण वेस्लींनी पहिल्याच कलमाला एक अट घातली होती. कमवा, पण शेजाऱ्याचं नुकसान न करता. आणि या नुकसानीच्या यादीत जुगार स्पष्ट शब्दांत आहे. दुसऱ्याचं शेत, दुसऱ्याचं घर जुगारात गिळायचं आणि वर त्याच्यावर प्रेम आहे म्हणायचं, हे जमणार नाही.

आपल्याकडे यासाठी एक झणझणीत शब्द आहे : तळतळाट. हरलेल्याच्या घरातून उठलेला, जिंकलेल्याच्या पैशांना चिकटलेला.

आता म्हणाल, मग चर्चच्या हाऊझीचं काय? बरोबर पकडलंत. बांद्र्यापासून मडगावपर्यंत चर्चच्या फेस्ताला हाऊझी असते, रॅफलची तिकिटं असतात. दुसरीकडे गोव्यातल्या चर्चची ‘कौन्सिल फॉर सोशल जस्टिस अँड पीस’ मांडवीतल्या कॅसिनोंविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आलीये. या कॅसिनोंना वाट मिळाली ती कायद्यातूनच. गोव्याच्या १९७६च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिन्स आली. १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि जुगार जहाजावर चढला. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे आपल्या माणसाचं घर बुडू नये, पुण्या-कोल्हापूरहून आलेल्याचं बुडालं तर तो त्याचा प्रश्न! ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न येशूलाही कोणीतरी विचारला होता. त्यावर त्याने सांगितलेल्या गोष्टीत मदतीला धावणारा माणूस परक्या जमातीचा आहे.

तरीही, हाऊझी आणि कॅसिनो यांत नेमका फरक काय? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर कुठल्या ग्रंथातलं नाही. ते वसईतल्या एका जेवणाच्या टेबलावरचं आहे.

माझ्या त्या रूममेटच्या चुलतभावाला २०२३च्या आयपीएलमध्ये एका फॅन्टसी क्रिकेट ॲपवर नऊ लाख रुपये लागले. देवाच्या आधी इन्कम टॅक्सचा नंबर. तीस टक्क्यांहून थोडे जास्तच कापले गेले. मुलगा साधा, गोरेगावला सपोर्टच्या शिफ्ट करणारा. त्याने ठरवलं, साठ हजार पॅरिशला द्यायचे. चर्चमध्ये नवी माइक सिस्टिम बसवायची, त्यावर आजीच्या नावाची छोटी पाटी. रविवारी मिस्सा झाल्यावर सगळे जेवायला जमले होते, मीही होते. त्याने हे सांगितलं आणि टेबलावर सगळे खूश. फक्त मैत्रिणीची आई गप्प.

मावशींची पार्श्वभूमी सांगायला हवी. नव्वदच्या दशकात काका मटक्याच्या नादाला लागले होते. केळीची अर्धी वाडी गेली. पोरींच्या फीसाठी मावशींनी हातातल्या बांगड्या विकल्या. काका पुढे सुटले त्यातून, पण बांगड्या परत आल्या नाहीत.

‘आजीचं नाव त्यावर लावायचं नाही,’ मावशी म्हणाल्या.

‘का, काकी? मी चोरी केली का?’

‘तू जिंकलास म्हणजे कुणीतरी हरलंय. त्याच्या घरी पण एखादी बाई असेल. तिच्या बांगड्यांवर मी आजीचं नाव लावू देणार नाही.’

टेबल एकदम शांत. पोरगा मात्र हुशार. म्हणाला, ‘आणि चर्चच्या सणाला हाऊझीची दहा-दहा तिकिटं कोण घेतं?’

मावशींनी भाताचं भांडं पुढे सरकवलं. ‘ती मी हरायलाच घेते.’

बस्स. सतराशे वर्षांच्या वादावादीत मला इतकं स्वच्छ वाक्य मिळालेलं नाही. हाऊझीचं तिकीट घेताना मावशींच्या डोक्यात पैसे गेलेलेच असतात. आकडे ओरडण्याची धमाल हा वर बोनस. फुल हाऊस लागलं तर प्रेशर कुकर, नाही लागलं तर चर्चच्या छपराची दुरुस्ती. ॲपवर किंवा कॅसिनोत कोणी हरायला जात नाही. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याने हरावं म्हणूनच बसलेला असतो. अर्थात ही रेष पक्की नाही. हाऊझीचं बक्षीस प्रेशर कुकरऐवजी कार झालं की तिकीट घेणाऱ्याच्या डोक्यातला हिशोब बदलतो, हे चर्चवाल्यांनाही कळतं.

पोरगा पैसे घेऊन फादरांकडे गेलाच. फादरांनी त्याला जुगारावर लेक्चर दिलं नाही. एकच प्रश्न विचारला : ‘पगारातून महिन्याला किती देतोस?’

तो हसला. ईएमआय, गाडीचं पेट्रोल, वगैरे वगैरे.

‘म्हणजे जिंकलास म्हणून देतोयस,’ फादर म्हणाले. ‘हरला असतास तर देवालाही काही नव्हतं. देवाला पण तू तुझ्याबरोबर बेटिंगला बसवलंस की रे.’

पैसे त्यांनी घेतले. पण पाटी नाही आणि माइकही नाही. पॅरिशमधल्या दोन मुलींच्या कॉलेजच्या फीला ते गेले; त्या दोघींचे वडील दारूत सगळं घालवून बसलेत. मला कुंभाराचं शेत आठवलं. त्या पैशांनी खजिना सजवायचा नाही. ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी ते खर्चून टाकायचे. आणि पुढच्या महिन्यापासून पगारातून पाचशे रुपये, असं फादरांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. मावशींचं आजही म्हणणं आहे की फादरांनी ते पैसे घ्यायलाच नको होते. मैत्रिणीचं म्हणणं, फी भरली गेली, त्या दोन मुली शिकल्या, आता कुठून आले ते कशाला उगाळायचं? मायलेकींचा हा विषय निघाला की मी आपली भाताकडे बघते. मला दोघींचंही पटतं आणि दोघींचंही पूर्ण पटत नाही. नेपल्सच्या मेजरसाहेबांनी चेक परत केला, तेव्हा त्यांना त्या लाख डॉलरमध्ये त्यांच्या दाराशी आलेली कुटुंबं दिसली असणार. पण त्या एक लाखात किती जणांची जेवणं झाली असती, हाही प्रश्न आहेच. तो सोडून देता येत नाही.

एक मात्र मला पटलंय. जिंकलेल्या पैशांतलं दान आणि कमावलेल्या पैशांतलं दान यांत एक मूलभूत फरक आहे. पहिलं सोपं असतं. जे पैसे आपले कधी नव्हतेच त्यांतून दहा टक्के काढायला काही लागत नाही. बायबलमधल्या त्या विधवेने मंदिराच्या दानपेटीत फक्त दोन टोल्या टाकल्या, तरी येशूने तिचं दान सगळ्यांत मोठं ठरवलं. कारण बाकीच्यांनी उरलेलं दिलं, तिने पोटाचं दिलं. दशमांशाची, म्हणजे दहाव्या हिश्श्याची जी जुनी पद्धत आहे, तीही मुळात पिकावरची. म्हणजे नांगरून, पेरून, राखून हातात आलेलं त्यातला वाटा.

रॉकफेलरचंच बघा ना. त्याच्या पैशांवर डाग होते की नव्हते, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण १८५५ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी कारकुनीची पहिली नोकरी लागली, तेव्हापासून त्याने वहीत हिशोब ठेवला आणि त्या तुटपुंज्या पगारातूनही तो दान करत होता. श्रीमंत झाल्यावर त्याला द्यायची सवय लागली नाही. सवय आधीची होती. म्हणून त्याचे पैसे स्वच्छ झाले, असं मी म्हणणार नाही. ग्लॅडन यांचा प्रश्न उरतोच. पण द्यायची सवय लावायला जॅकपॉटची वाट बघावी लागत नाही, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

आणि आपण? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. आपल्या फोनमधली ती ॲप्स गेली, पण डोक्यातलं ॲप काही गेलं नाही. बोनस मिळाला की देऊ, प्रमोशन झालं की देऊ, लोन संपलं की देऊ, शेअर्स वर गेले की देऊ. आपलं दान सतत कुठल्या ना कुठल्या ड्रॉवर लावलेलं. नवसाचं ठीक आहे हो, तो श्रद्धेचा भाग आहे. पण प्रत्येक चांगल्या गोष्टीला ‘लागली तर’ची अट घातली की ते दान राहत नाही, कमिशन होतं.

फादरांचा प्रश्न कुठल्याही धर्माच्या माणसाला चालण्यासारखा आहे, म्हणून सरळ तुमच्यासमोर ठेवते. पगारातून महिन्याला किती? देऊळ, चर्च, शाळा, शेजारच्या मावशींचं औषध, काहीही चालेल. आकडा छोटा असू दे, दोनशे असला तरी हरकत नाही. एसआयपी कापली जाते त्याच तारखेला हेही कापलं जाऊ दे, म्हणजे मूड आणि महिनाअखेर यांच्यावर ते अवलंबून राहणार नाही. मी गेल्या महिन्यापासून सुरू केलंय. फ्रीलान्सरच्या उत्पन्नात तारीख पाळणं म्हणजे काय दिव्य असतं, ते विचारू नका.

आणि हो, कधी खरंच पाच कोटींचं तिकीट लागलं, तर मला कळवा. दान कुठे करायचं ते नंतर बघू. आधी तुम्हाला मावशींकडे जेवायला नेते.